पाच विती सावली

अंकिताच्या कॅमेऱ्यात तो पहिल्यांदा आला, तो नको असताना आला.

मे महिन्याचा पहिला मंगळवार होता आणि दुपारचा एक वाजला होता. मैंदर्गीच्या पुढे कल्लहळ्ळी नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या तळ्याच्या अलीकडे, एका शेताच्या कडेला अंकितानं ट्रायपॉड उभा केला होता. समोर तळ्याचा दगडी बांध, बांधापलीकडे काळ्या दगडाची उंच दीपमाळ आणि दीपमाळेच्या मागे सोमेश्वराच्या देवळाचं शिखर. दीपमाळेचं टोक मागच्या कळसाला अलगद टेकलेलं दिसत होतं. तिनं श्वास रोखून बटण दाबलं... आणि त्याच क्षणी चित्राच्या मधोमध एक तरणाबांड माणूस येऊन उभा राहिला. खांद्यावर टॉवेल, हातात दोर, दोराच्या टोकाला एक निवांत म्हैस.

"अहो, जरा बाजूला व्हाल का?"

"कुठल्या बाजूला?"

"कुठल्याही. फोटोत येताय तुम्ही."

"मग येऊ द्या की. म्हैस लई देखणी हाय."

"म्हैसही नको."

"मग काय, नुसतं दगड पायजे?"

"हो. नुसते दगडच पाहिजेत."

तो बाजूला झाला खरा, पण गेला नाही. म्हैस कडुलिंबाच्या खोडाला बांधून तो सावलीत बसला आणि ही शहरातली मुलगी दगडांचे फोटो काढते म्हणजे नेमकं काय करते, ते बघत राहिला. अंकितानं मनातल्या मनात त्याला दोन शब्द सुनावले. वर बघितलं तर तो हसत होता. हसू चांगलं होतं, हे तिनं नाइलाजानं मान्य केलं.

अंकिता मूळची मोडनिंबची. सोलापूरला सात रस्त्याजवळच्या एका संस्थेत ती कामाला होती. जुनी तळी, देवळं, बारवा, त्यांच्याभोवतीची झाडं आणि पायवाटा... असा गावाचा सगळा जुना परिसर जपायचा, तर तो कुठं कसा बदलतोय हे आधी कळायला हवं. त्यासाठी तिची पद्धत साधी होती. कल्लहळ्ळीत तिनं सात जागा ठरवल्या होत्या. दर दोन महिन्यांनी, पहिल्या मंगळवारी, त्याच जागेवरून, त्याच वेळेला, तोच फोटो घ्यायचा. वर्षभरानं ते एकावर एक ठेवले की डोळ्यांना न दिसणारंही दिसतं. कुठं भिंत फुगली, कुठं पायरी खचली, कुठं पिंपळानं मूळ घातलं.

प्रत्येक जागेवर एक खूण हवी होती. ही चौथी जागा, आणि खुणेसाठी तिला जात्याएवढा सपाट दगड पाहिजे होता. विहिरीजवळ तसा एक पडला होता, पण तो तिच्याच्यानं हलेना. सावलीतला माणूस उठला, दगड पोटाशी धरून उचलला आणि तिनं दाखवलेल्या ठिकाणी आणून ठेवला.

"हितंच?"

"अगदी इथंच." तिनं पांढऱ्या रंगानं दगडावर गोल काढला, मधे चारचा आकडा घातला. जमिनीत रोवून सिमेंट लावायला हवं होतं. सिमेंट पुढच्या खेपेला आणू, असं ती म्हणाली. एवढा जड दगड कोण कशाला हलवणार?

"नाव काय तुमचं?" तिनं वहीत लिहायला म्हणून विचारलं.

"पंचाक्षरी. हे रान आमचंच हाय." मग जरा थांबून म्हणाला, "मॅडम, तोंड लालभडक झालंय तुमचं. चार पावलं हिकडं सरका की. लिंबाखाली सावली हाय."

"नाही सरकता येत. तोच तर नियम आहे."

"सावलीला कसला नियम?"

"मार्क जिथं, तिथं मी," अंकिता म्हणाली आणि पाठ फिरवून कामाला लागली.

 पंचाक्षरीनं ते वाक्य ओठांत एकदा पुन्हा म्हणून बघितलं. तिनं बघितलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं. मग ही गोष्टही झाली नसती, हा भाग वेगळा.

त्या संध्याकाळी एसटीत तिनं दिवसभराचे फोटो तपासले. म्हशीवाला फोटो काढून टाकायला हवा होता. बोट बटणापाशी गेलंही. पण त्यात तो कॅमेऱ्याकडे असा बघत होता, की जणू कॅमेरा नाहीच, मागे ती आहे तेवढीच... तिनं तो राहू दिला.

जुलैत भुरभुर पाऊस होता. सिमेंट सोलापुरातच विसरलं होतं. ती चौथ्या खुणेपाशी आली तर पंचाक्षरी छत्री घेऊन आधीच हजर.

"मी येणार हे कसं कळलं?"

"पैला मंगळवार. तुमीच सांगितलं की."

"छत्री फोटोत येईल."

"मागं धरतो की. फोटो म्होरं असतो का मागं?"

तो मागे उभा राहिला. छत्री तिच्यावर आणि कॅमेऱ्यावर, स्वतः बाहेर. त्याच्या शर्टाला ओल्या मातीचा आणि तुरीच्या पाल्याचा वास येत होता. कॅमेरा स्थिर धरायला ट्रायपॉड असतो, माणसाला स्थिर धरायला काही नसतं, असं अंकिताला त्या दिवशी वाटून गेलं.

सप्टेंबरात त्याच्या आईनं निरोप धाडला, की ती तीन पायांची पोरगी आली की घरी आण. नागम्माबाई दारातच उभ्या होत्या.

"ऊटा आतेनु?" त्यांनी विचारलं.

अंकितानं पंचाक्षरीकडे बघितलं. "जेवलीस का, म्हणतीया अव्वा," तो म्हणाला.

"जेवले मी, डबा खाल्ला."

"डब्यात काय जेवान असतंय व्हय?" नागम्माबाई मराठीवर आल्या आणि त्यांनी तिच्या पुढ्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कवडीचं दही ठेवलं. अंकिता दोन भाकरी जेवली. जाताना नागम्माबाईंनी चटणीची पुडी तिच्या बॅगेत कोंबली आणि लेकाकडे बघून कानडीत काहीतरी बोलल्या. त्याचे कान लाल झाले. काय बोलल्या, हे तिनं चार वेळा विचारलं. त्यानं चारही वेळा "पाऊस येणार म्हणती" असं सांगितलं. आभाळ तर निरभ्र होतं...

नोव्हेंबरचा पहिला मंगळवार नेमका त्रिपुरी पौर्णिमेला आला. फोटो झाले तरी ती थांबली. दिवस मावळताना सगळं गाव तळ्याच्या बांधावर जमलं. दीपमाळेच्या अंगाला दगडी हात बाहेर काढलेले असतात, त्यांवर पणत्या ठेवायच्या. शेंड्यावरची शेवटची पणती लावायचा मान पंचाक्षरीच्या घराचा. आधी त्याचे आजोबा चढत, मग वडील गुरुबसप्पा चढत. ते गेल्यापासून, गेली सहा वर्षं, तो चढत होता.

नागम्माबाईंनी तेलाची बुधली अंकिताच्या हातात दिली. "घाल पणतीत. घरातल्या बाईनं घालायचं असतंय."

"पण मी..."

"घाल म्हणलं की."

तिनं तेल घातलं. पंचाक्षरी अनवाणी, एकेका दगडी हातावर पाय देत वर गेला. खाली सगळ्यांच्या माना वर.  वर पणती लागली, खालून घंटा वाजली, आणि तळ्याच्या पाण्यात दुसरी दीपमाळ उभी राहिली. तो खाली उतरेपर्यंत तिनं एकही फोटो काढला नव्हता. कॅमेरा गळ्यातच राहिला होता.

"दीपमाळ वाकडी वाटती न्हाय वरनं?" तो धापा टाकत हसत म्हणाला. "आज्जा म्हणायचा, त्याच्या लहानपणापासनं अशीच मान तिरकी करून उभी हाय. कुणाची तरी वाट बघत असंल."

"सापडलं का ते कुणीतरी?"

"तिला न्हाय अजून," तो म्हणाला आणि पणत्यांचं सूप उचलून निघून गेला. तिला... न्हाय अजून. म्हणजे दुसऱ्या कुणाला सापडलं? अंकिता परतीच्या एसटीत अक्कलकोट येईपर्यंत याच प्रश्नात बुडाली होती.

जानेवारीत त्यानं लिंबाखाली आगटी पेटवून हुरडा भाजला. मार्चमध्ये कलिंगड कापलं. दर खेपेला काम तासाभराचं, आणि चौथ्या खुणेवरून उठायला तिला तीन तास लागायचे. गंमत म्हणजे तिथं आता बरं वाटायचं. पहिल्या खेपेला ऊन कसं डोक्यावर होतं, आणि आता पाठीवर लिंबाची सावली यायची. ऋतू फिरला की सावल्याही फिरतात, एवढंच तिला वाटलं. प्रेमात पडलेल्या माणसाला सावली कुठून आली हे विचारायचं सुचत नाही. ती पडलीच होती प्रेमात. ते तिला ठाऊक होतं. त्याला ठाऊक आहे का, आणि असल्यास तो गप्प का, एवढंच ठाऊक नव्हतं.

आणि मग मार्चच्या शेवटी वार्षिक अहवालासाठी तिनं चौथ्या जागेचे सहा फोटो एकावर एक ठेवले.

पहिल्या फोटोत दीपमाळेचं टोक कळसाला टेकलेलं होतं. दुसऱ्यात त्यांच्यात केसाएवढी फट होती. तिसऱ्यात ती वाढली, चौथ्यात आणखी. सहाव्या फोटोत दीपमाळ कळसापासून स्पष्ट दूर झुकली होती.

तिनं तीनदा मोजलं. मग उदयसिंह सरांना बोलावलं. सर या कामात केस पांढरे केलेले गृहस्थ, कमी बोलणारे. ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले.

"दहा महिन्यांत जवळपास आठ इंच," ते म्हणाले. "ओळंबा लावून उपयोग नाही, ती मुळातच तिरकी आहे. कल वाढतोय का एवढाच प्रश्न होता, आणि तुझे फोटो सांगतात वाढतोय. बुंधा दिसतोय का?"

"नाही सर. तळ्याचा बांध आड येतो. बाकी सहा जागांवरून दीपमाळ दिसत नाही."

"मग दुसरा पुरावा नाही. सोमवारी ग्रामपंचायतीला पत्र टाकू. पावसाळ्याआधी उतरवून घ्यावी लागेल. दगडांवर नंबर घालायचे, खाली रचून ठेवायचे, सवडीनं परत उभारायची."

सवडीनं. अंकितानं एका गावात अशी सवड बघितली होती. नंबर घातलेले दगड गवतात पडून होते, नंबरही पुसत आले होते, आणि उभारायचं कुणाला आठवत नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे शेंड्यावरची ती पणती आली. येत्या त्रिपुरी पौर्णिमेला पंचाक्षरी कशावर चढणार?

तिनं शनिवारची पहिली एसटी पकडली. त्याला हे कागदातून कळायला नको होतं, तिच्या तोंडून कळायला हवं होतं.

तो शेतातच भेटला. तिला बघून त्याचा चेहरा उजळला. "आज शनवार हाय की. वार चुकला का मॅडम?"

"दीपमाळ कलत्येय," ती म्हणाली. मधे थांबली असती तर रडू आलं असतं, म्हणून तिनं एका दमात सगळं सांगितलं. सहा फोटो, आठ इंच, सोमवारचं पत्र, नंबर घातलेले दगड.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग फार हळू विचारलं, "कुठल्या फोटोत दिसतंय हे?"

"चार नंबरच्या."

 पंचाक्षरी शेताच्या बांधावर बसला.

"दीपमाळ न्हाय हालली," तो म्हणाला. "दगड हाललाय."

"कुठला दगड?"

"तुमचा. चारचा." त्यानं मान खाली घातली. "मी हालवलाय."

अंकिताला काही उमगेना. तो उठला, तिला लिंबाजवळ घेऊन गेला. चारच्या दगडापासून बाजूला, उन्हात, त्यानं गवत बाजूला सारलं. जमिनीत बाभळीची एक मेख ठोकलेली होती, पार डोक्यापर्यंत.

"पैली जागा ही. मी मेख मारून ठेवली हुती, तुमची जागा हारवू नये म्हणून. त्या दिवशी तुमी म्हणला, मार्क जिथं, तिथं मी. मग म्हणलं... तुमी सरकत न्हाई तर मार्कच सरकवू. एकदम सरकवला असता तर तुमाला कळलं असतं. म्हणून दर खेपेला, तुमी यायच्या आधल्या सांजंला, एक वीत. सावलीकडं."

"एक वीत," अंकिता यंत्रासारखी म्हणाली.

"पाच खेपा झाल्या. पाच विती."

तिनं एक डोळा मिटला, हात लांब करून अंगठा दीपमाळेसमोर धरला. मग तो डोळा उघडून दुसरा मिटला. अंगठा होता तिथंच होता, पण दीपमाळेवरून उडी मारून बाजूला गेला. जवळचं आणि लांबचं, दोन्ही एका रेषेत बघायचं तर बघणाऱ्यानं हलायचं नसतं. दीपमाळ जवळची, कळस लांबचा, आणि हलत होती ती स्वतः. वीत वीत, सावलीकडे.

तिनं बॅग उघडली, ट्रायपॉड मेखेवर बरोबर मधोमध उभा केला आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. दीपमाळेचं टोक कळसाला अलगद टेकलेलं होतं. जसं पहिल्या दिवशी होतं तसंच.

अंकिता तिथंच मातीत बसली आणि रडली. आधी सुटकेनं, मग रागानं.

"तुम्हाला कळतं का काय केलंत ते? पत्र गेलं असतं तर उतरवली असती त्यांनी. माझ्या फोटोंवरून! आणि आता मला लिहून द्यावं लागेल, की चौथ्या जागेची वर्षभराची नोंद खोटी आहे. मे महिन्यात माझा करार संपतो. खूण सांभाळता न येणाऱ्या माणसाला कोण ठेवेल?"

"माझं नाव लिवा. मी येऊन सांगतो सरांना."

"काही नको. पुष्कळ केलंत." तिनं ट्रायपॉड मिटला. "एकदा तरी सांगायचं होतंत. तोंडानं. दगड उचलण्यापेक्षा सोपं होतं ते."

तो उत्तर देईपर्यंत ती बांध ओलांडून गेली होती.

सोमवारी सकाळी साडेदहाला सात रस्त्यावरच्या कार्यालयाच्या जिन्यात चपलांचा आवाज झाला. पंचाक्षरी दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर विभूतीचे ताजे पट्टे, हातात नागम्माबाईंची चटणीची बरणी. अंकिताचं सरांना सगळं सांगून झालं होतं, आणि तिचं लेखी निवेदन त्यांच्या टेबलावर पडलं होतं.

"हे तेच का?" सरांनी चष्म्यावरून बघितलं.

"व्हय सर. मीच तो. मॅडमची काय चूक न्हाय."

"बसा. दगड का हलवलात?"

"मॅडमला ऊन लागत हुतं."

"मे महिन्यात लागलं असेल. मान्य. जुलैनंतर कसलं ऊन?"

"पावसात... झाडाखाली कमी भिजतंय माणूस."

"आणि जानेवारीत? थंडीत तर लोक उन्हात बसतात."

पंचाक्षरीनं बरणी टेबलावर ठेवली. बाहेर सात रस्त्यावरचे सगळे हॉर्न एकदम वाजायला लागले होते. अंकितानं पडद्याकडे बघायचं ठरवलं होतं, पण ते जमलं नाही.

"सर, उन्हातलं काम झालं की मॅडम लगीच निघत्यात," तो शेवटी म्हणाला. "सावलीत बसल्या की बसत्यात. दोन महिन्यांनी एकदा येणारं माणूस... घटकाभर जास्त बसावं वाटतं. एवढंच कारण हाय. मला मॅडम आवडतात. हे त्यांना आधी सांगायचं हुतं, पण आता तुमी विचारलं म्हणून..."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. निवेदनाचा कागद उलटा करून पालथा ठेवला.

"दर वेळी एक वीत?"

"व्हय."

"नक्की? कमी नाही, जास्त नाही?"

"वीतच. हातानं मोजून. मेखेपासनं सरळ रेषेत."

"मग खोटी कशी म्हणायची नोंद?" सर अंकिताकडे वळले. "पहिली जागा ठाऊक आहे. आज खूण कुठं आहे ठाऊक आहे. मधलं प्रत्येक अंतर ठाऊक आहे. फोटो दुरुस्त करता येतील सगळे. फक्त एक माप पाहिजे." त्यांनी ड्रॉवरमधून पट्टी काढून तिच्यापुढे सरकवली. "यांची वीत मोज. कागदावर आखून घे, फाइलला लावू."

आणि ते चहा सांगायला म्हणून बाहेर गेले. चहा सांगायला ते याआधी कधी स्वतः गेले नव्हते.

अंकितानं कोरा कागद टेबलावर ठेवला. पंचाक्षरीनं हात पालथा टेकवून बोटं ताणली. नांगराचे, दोराचे घट्टे पडलेला, उन्हानं रापलेला हात. तिनं पेन्सिल घेतली आणि अंगठ्यापासून सुरुवात केली. प्रत्येक बोटाच्या कडेकडेनं, खाली, वर, परत खाली... पेन्सिल करंगळीपाशी पोचली.

"हलू नका," ती कुजबुजली.

"मी कुटं हाललो? पेन्सिल थरथरतीया."

"गप्प बसा."

तिनं पट्टी लावली. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत साडेनऊ इंच. तिनं तो आकडा कागदावर लिहिला. हात अजून कागदावर होता, तो त्यानं उचलला नव्हता आणि तिनंही उचल म्हटलं नव्हतं.

"रागावलाय अजून?" त्यानं विचारलं.

"हो."

"किती दिवस?"

"मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारपर्यंत," अंकिता म्हणाली.

दोन दिवस लागले. पाचही फोटो साडेनऊ-साडेनऊ इंचांच्या हिशेबानं मागे नेले, आणि सहाच्या सहा दीपमाळा एकमेकींवर अशा बसल्या, की एकच दिसावी. ती हललीच नव्हती. कल्लहळ्ळीला पत्र गेलं नाही. अहवालात चौथ्या जागेपुढे उदयसिंह सरांनी स्वतः लिहिलं, की दीपमाळ स्थिर असून खूण जमिनीत पक्की करण्याची गरज आहे. कारणाच्या रकान्यात त्यांनी "सावली" एवढंच लिहिलं, आणि अहवालाच्या शेवटी एका हाताची पेन्सिलनं काढलेली आकृती जोडली. अंकिताच्या कराराचं पत्रही त्याच आठवड्यात आलं. आणखी दोन वर्षं.

मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती सिमेंट घेऊन उतरली. या वेळी विसरली नव्हती. पंचाक्षरीनं मेखेच्या जागी खड्डा घेतला, दगड परत पहिल्या ठिकाणी आणून बसवला, कडेनं सिमेंट लिंपलं. भर उन्हात, ठरल्या वेळेला, तिनं फोटो काढला. तो मागे उभा होता, छत्री धरून.

"आता हा हालायचा न्हाय," तो दगडाकडे बघत जरा खिन्नपणे म्हणाला. "मार्क जिथं, तिथं मॅडम."

अंकितानं कॅमेऱ्यात जुना फोटो काढून त्याच्यासमोर धरला. वर्षापूर्वीचा. खांद्यावर टॉवेल, हातात दोर, मागे म्हैस, आणि कॅमेऱ्याच्या पलीकडे थेट तिच्याकडे लागलेले डोळे.

"हा तुमी ठेवला?"

"नियमानं काढून टाकायला हवा होता."

तो फोटोकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"मला तू आवडतोस, पंचाक्षरी," अंकिता म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तोंडानं सांगायचं असतं, म्हणून सांगितलं. पुढच्या मंगळवारी मोडनिंबला ये. आई-आप्पा दोघं घरी असतात. कटकट होईल थोडी, अव्वांनाही घेऊन ये."

"अव्वा तर सप्टेंबरपासनं तयार हाय."

"म्हणजे त्या दिवशी पाऊस येणार म्हणाल्या नव्हत्या तर."

"न्हाय. सून जेवती चांगली, म्हणाली."

अंकिता हसली. मग तिनं कॅमेरा गळ्यात अडकवला, दगडाशेजारी उकिडवी बसली आणि तापलेल्या मातीवर आपला हात ताणून ठेवला. एक वीत. हात उचलून पुढे, दुसरी वीत. ती मोजत मोजत सरकत गेली आणि लिंबाच्या सावलीत, गेल्या खेपेला दगड जिथं होता तिथं येऊन थांबली. मातीत त्याचा गोल वण अजून दिसत होता.

"तुझ्या पाच," ती हात झटकत म्हणाली. "माझ्या सहा विती आणि वर तीन बोटं."

पंचाक्षरी तिच्याजवळ येऊन बसला. "म्हंजे तुला जास्त लांब पडलं की."

"आले ना पण," अंकिता म्हणाली आणि नागम्माबाईंनी दिलेल्या भाकरीच्या फडक्याची गाठ सोडायला लागली.